हार्ड मॅडम आणि अकरा निळे ड्रम

हर्डीकरबाई माझ्याशी बोलल्या तो पहिला शब्द होता, "थांब!"

रास अल खैमातल्या टाइल्सच्या कारखान्यातला तो माझा पहिला दिवस. साल दोन हजार सात. कँटीनमध्ये शोरमा घेतला, चार दिरहम दिले, आणि आखातात नव्याने आलेला प्रत्येक मराठी माणूस जे करतो तेच मी केलं. मोठ्याने म्हणालो, "चार दिरहम, म्हणजे चव्वेचाळीस रुपये!" त्याबरोबर पलीकडच्या टेबलावरून पांढरा लॅबकोट घातलेली, पन्नाशीची, ठेंगणीशी एक बाई हातातला चमचा उंच धरून उठली.

"थांब! काय बदललं?"

"अं?"

"शोरमा बदलला? भूक बदलली? खिशातून गेलं ते कमीजास्त झालं?"

"नाही, मी आपलं नुसतं कन्व्हर्ट केलं..."

"पकडला!" बाईंनी चमच्यासकट टाळी वाजवली. "हे जे तू केलंस त्यालाही कन्व्हर्जन म्हणतोस, आणि समोर भट्टीत माती जाते आणि टाइल बाहेर येते, त्यालाही कन्व्हर्जनच म्हणतोस. एकात काहीच बदलत नाही, दुसऱ्यात सगळं बदलतं. आणि तिसरं तर तुला ठाऊकच नाही!"

"तिसरं कोणतं?"

"कायद्यातलं. जेवून लॅबमध्ये ये." आणि त्या गेल्यासुद्धा. मी ज्यांच्या हाताखाली काम करायला आलो होतो त्या लॅबप्रमुख ह्याच, हे मला शेजारच्या माणसाने सांगितलं. तोवर शोरमा गार झाला होता.

सरोज हर्डीकर मूळच्या सांगलीच्या. तिथल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. त्या काळात वडिलांशी पैज लावून संध्याकाळच्या वर्गांना जाऊन त्यांनी एलएल.बी. केलं, आणि वकिली मात्र एक दिवसही केली नाही. यजमान इथल्या बंदरावर इंजिनिअर, म्हणून इकडे आल्या. यजमान अकाली गेले. मुलगा शारजात वाढलेला, आईच्या मराठीला इंग्रजीत उत्तर देणारा. तो शिकायला कॅनडात गेला. बाई राहिल्या त्या लॅबमध्येच राहिल्या म्हटलं तरी चालेल. कारखान्यातल्या पठाण आणि मल्याळी कामगारांना 'हर्डीकर' हे नाव जड जायचं, म्हणून त्यांनी 'हार्ड मॅडम' करून टाकलं होतं. बाईंना ते फार आवडायचं. नवीन माणसाला त्या स्वतःची ओळख तशीच करून द्यायच्या.

त्यांचं वेड एकच. शास्त्रात आणि कायद्यात दोन्हीकडे वापरल्या जाणाऱ्या इंग्रजी शब्दांचा त्या मराठी कोश करत होत्या. टाइल्सच्या खोक्यांवरची उरलेली लेबलं उलटी करायची, मधोमध रेघ मारायची, डावीकडे शास्त्र, उजवीकडे कायदा. 'चार्ज'च्या लेबलावर डावीकडे विद्युतभार, उजवीकडे आरोप. 'डिस्चार्ज'वर डावीकडे भार निघून जाणे, उजवीकडे आरोपी सुटणे. मराठी शाळेत शिकून पुढे इंग्रजी कोर्टात आणि इंग्रजी लॅबमध्ये जाऊन पडणाऱ्या मुलांसाठी हे चाललं होतं. असली सहा खोकी त्यांच्या कपाटात होती. "शब्द म्हणजे डबा रे," त्या म्हणायच्या, "आत काय आहे ते हुंगल्याशिवाय झाकण लावू नये." आणि एखादा डबा हुंगून झाला की आनंदाने त्यांचा आवाज इतका चढायचा की भट्टीवरची माणसं आत डोकावून जायची.

'कन्व्हर्जन'चं लेबल मात्र चार वर्षं अर्धवट होतं. डावी बाजू भरगच्च भरलेली. एककांचं रूपांतर, रासायनिक रूपांतर, शंभर कणांतले किती पालटले त्याचं प्रमाण. उजवी बाजू कोरी. पहिल्याच दुपारी त्यांनी मला ती समजावून सांगितली. दुसऱ्याची वस्तू आपलीच असल्यासारखी वागवली, वापरली, कुणाला दिली, संपवली, की झालं कायद्यातलं कन्व्हर्जन.

"म्हणजे चोरीच ना, मॅडम?"

"नाही ना! चोराचं मन काळं असतं. इथे मन धुतल्या तांदळासारखं असलं तरी सुटका नाही! वस्तूचा एक कणही बदलत नाही, तरी सगळं बदललेलं असतं. आमच्या सरांनी हे शिकवलं तेव्हा मी बाकावर उभी राहिले होते, बस म्हणाले तरी बसेना. इथला कायदा वेगळा आहे हं, मी सांगलीत शिकलेलं सांगतेय. पण ह्याला मराठीत काय म्हणू? अपहार म्हटलं तर मन काळं झालं. रूपांतर म्हटलं तर वस्तू बदलली. मला माणसांतलं एक ठसठशीत उदाहरण पाहिजे. उदाहरण मिळालं की शब्द मिळतो."

उदाहरण मिळालं ते माझ्याच घरात. पुढचं सांगताना मला माझी एक चूकही सांगावी लागणार आहे. पण ती नंतरची. आधी मायक्रोवेव्हची.

दोन हजार आठच्या दिवाळीपर्यंत आम्हाला वाटत होतं, मंदी ही दुबईवाल्यांची भानगड आहे. पण दुबईतले टॉवर थांबले की टाइल्स लावायच्या कुठे? खोक्यांच्या थप्प्या अंगणात यायला लागल्या. एकेका घरातून माणसं 'सुट्टीवर' जायला लागली. आमच्या शेजारचे जोशी असेच गेले. जाताना मायक्रोवेव्ह आणि मुलाची सायकल आमच्याकडे ठेवून गेले. "पंधरा दिवसांत येतोच, इन्शाल्ला!" तेव्हा सगळेच असं ठेवायचे, आणि सगळेच ठेवून घ्यायचे. तीन महिने झाले. एका शुक्रवारी बाई आमच्याकडे आल्या. माझ्या बायकोने, मुग्धाने, साबुदाण्याची खिचडी गरम करायला मायक्रोवेव्हचं दार उघडलं आणि सहज म्हणाली, "हा जोशींचा. नुसताच पडून होता, म्हटलं वापरू या."

बाई ताडकन उभ्या राहिल्या. "मिळालं! केदार, मिळालं!" मायक्रोवेव्हकडे बोट दाखवत त्या स्वयंपाकघरभर फिरल्या. आत खिचडीची बशी फिरत होती, बाहेर बाई. मुग्धाचं तोंड उतरलं. आमची रेवा तेव्हा पाच वर्षांची; जोशींच्या सायकलवरून ती दारात आली आणि घाबरून म्हणाली, "Aunty, are we in trouble?"

"नो नो, बाळा! यू आर इन द डिक्शनरी!"

मग त्यांनी मला तिथल्या तिथे नाशिकला, जोशींच्या गावी, फोन लावायला लावला. जोशी म्हणाले, "अहो, विचारताय काय, वापरा की!" बाईंनी माझ्या हातातून फोन घेऊन जोशींचे आभार मानले, जणू मायक्रोवेव्ह त्यांनाच मिळाला होता. "बघितलंस? तोच मायक्रोवेव्ह, तीच खिचडी. नुसतं विचारलं." मग दोन बशा खिचडी खाऊन त्या गेल्या. मुग्धा दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मलाही वाटलं, एवढ्याशा गोष्टीचा केवढा हा बाऊ.

आता ड्रमची गोष्ट.

अबू सामी नावाचा एक वयस्क कारागीर आमचं गिऱ्हाईक होता. हलबचा, म्हणजे अलेप्पोचा सीरियन, तीस वर्षं आखातात. एका बंगल्याचं अंगण आणि कारंजं तो टाइल्सनी मढवत होता. टाइल आमची, पण रंग त्याचा. त्याने खास बनवून घेतलेला निळा, अकरा ड्रम, आमच्या स्टोअरमध्ये आणून ठेवला होता. प्रत्येक झाकणावर त्याने खडूने अरबीत एक शब्द लिहिला होता. भट्टीवरच्या गुलखानने तो वाचून दाखवला, "अमानत लिखा है, मैडम. मतलब, हमारे पास रखा है, हमारा नहीं है." मग मंदी आली. बंगल्याचं काम थांबलं, अबू सामीचा फोन बंद झाला. ड्रम राहिले.

त्याच सुमारास आमची दोन नंबरची भट्टी बंद करायचं घाटत होतं. टाइलची भट्टी चुलीसारखी विझवता-पेटवता येत नाही. ती रात्रंदिवस चालते, आणि एकदा थंड केली की तिच्यावरची माणसं घरीच जातात. बेचाळीस माणसं होती. मॅनेजर कुरियनसाहेबांनी सांगितलं, ऑर्डर आली नाही तर महिनाअखेरीला खलास. आणि ऑर्डर आली! मस्कतहून, स्विमिंग पूलच्या टाइल्स, निळ्या, तीन आठवड्यांत हव्यात. नवा रंग जहाजाने यायला सहा आठवडे. आणि नेमका तोच निळा आमच्या स्टोअरमध्ये अकरा ड्रम भरून बसलेला.

कुरियनसाहेब स्वतः ड्रम वापरायच्या परवानगीचा कागद घेऊन लॅबमध्ये आले. वाईट माणूस नव्हे. बेचाळीस नावांची यादी करून त्यांचे डोळे खोल गेले होते.

"मिसेस हर्डीकर, वो आदमी चला गया. उसका प्रोजेक्ट खलास. बाद में हम नया माल मँगवाके रख देंगे, सेम शेड. किसका नुकसान है?"

"किसी का नहीं, सर."

"तो साइन कीजिए."

"उनको पूछा?"

"फोन बंद है!"

"मतलब पूछा नहीं."

साहेब हताशपणे खुर्चीत बसले. "बयालीस घर हैं, मैडम."   बाई म्हणाल्या, "शनिवार तक टाइम दीजिए. मैं ढूँढती हूँ उनको."

त्यांनी शोधायला सुरुवात केली. ड्रम आणून टाकणारा ड्रायव्हर गाठला, त्याच्याकडून कुणाचा तरी नंबर, तिथून आणखी कुणाचा. इकडे माझं डोकं वेगळंच चालत होतं. भट्टी गेली की लॅबमधला धाकटा केमिस्ट पहिला जाणार. म्हणजे मी. रेवाची शाळा, घराचं वर्षाचं भाडं, व्हिसा, सगळं एका भट्टीवर उभं होतं. आमच्या कारखान्यात एक अलिखित रिवाज होता. तीन महिने कुणी हात न लावलेला माल ट्रायलसाठी लॅबचा. उरलासुरला फ्रिट म्हणजे काचेचा चुरा, टाइलवर चढवायचं जुनं ग्लेझ, सगळं आम्ही तसंच वापरायचो, आणि कुणी कधी हूं का चूं केलं नव्हतं. अबू सामीच्या ड्रमांना चार महिने झाले होते.

गुरुवारी बाई कामासाठी दुबईला गेल्या होत्या. सकाळी अकराला मी गुलखानला घेऊन स्टोअरमध्ये गेलो. त्याने झाकणावर हात ठेवला. "साहब, ये अमानत है." मी म्हणालो, "लॅब का कोटा है. खोलो." त्याने उघडलं नाही. मग मीच स्क्रूड्रायव्हर घालून झाकण उचकटलं आणि पंचवीस किलो निळा रंग बॉल मिलमध्ये, म्हणजे ग्लेझ दळायच्या मोठ्या पिंपात, पांढऱ्या ग्लेझवर ओतला. मिल गडगडायला लागली आणि मला खरोखर वाटलं, मी बेचाळीस घरं वाचवतोय.

एक वाजता बाई आल्या, उत्साहाच्या उधाणात. "केदार, लागला पत्ता! शारजा इंडस्ट्रियल एरिया! ड्रायव्हर म्हणाला, मेहुण्याच्या वर्कशॉपमध्ये..." आणि त्यांची नजर माझ्या बाहीवर गेली. बाही निळी झाली होती.

त्या पळाल्या. त्या वयात, चपला फटफटवत, मिलपर्यंत पळत जाऊन त्यांनी लाल बटण दाबलं. पिंप दोन फेऱ्या आणखी फिरलं आणि थांबलं. मी शिव्या खायला तयार उभा होतो. बाईंनी चमच्याने थोडं ग्लेझ काढलं, काचेवर पसरलं, मायक्रोस्कोपखाली घातलं. बराच वेळ बघत राहिल्या. मग ओरडल्या.

"ये! बघ इकडे!"

मी डोळा लावला. दुधी पसाऱ्यात निळे कण सुटे सुटे दिसत होते.

"एक तरी विरघळला? एक तरी पालटला? असा रंग भट्टीतून जाऊन आला तरी कण तोच राहतो, काचेत बसून राहतो. शास्त्र म्हणतं, कन्व्हर्जन शून्य टक्के! आणि कायदा म्हणतो, तू ओतलंस त्या क्षणी शंभर टक्के! एकाच पिंपात, एकाच वेळी! इतकी वर्षं मी..." आणि बोलता बोलता त्या स्टुलावर बसल्या. चेहऱ्यावरचा आनंद अजून गेला नव्हता आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. "केदार, हे काय करून बसलास रे?"

मी म्हणालो, "मॅडम, कुणाला कळणार नाही. नवा रंग आला की ड्रम भरून झाकण लावू. खडूने परत लिहू."

"आणि लिहिणार काय? तोच शब्द?"

गुलखान दारात उभा होता. बाईंनी त्याला विचारलं, "तुम्हारे यहाँ इसको क्या बोलते हैं?"

"अमानत में ख़यानत, मैडम."

"जवळ आलं," बाई स्वतःशीच म्हणाल्या, "पण खयानतीला, विश्वासघाताला, मन काळं लागतं. ह्याचं मन काळं नाही. ह्याला घाई झाली होती." आणि उठल्या. "ज्याचं आहे त्याला सांगायचं. आत्ता. यल्ला, चल!" एका रिकाम्या जॅमच्या बाटलीत त्यांनी ते निळं ग्लेझ भरून घेतलं. कुरियनसाहेबांना फोनवर सांगितलं, "सर, हम अबू सामी के पास जा रहे हैं." साहेब पलीकडून "मैडम, डोंट!" म्हणत असताना त्यांनी फोन ठेवला. हे मी स्वतः ऐकलं.

त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीतला तो प्रवास मी विसरणार नाही. बाई गाडी हाकत होत्या, बाटली माझ्या मांडीवर. त्या सबंध रस्ताभर बोलत होत्या. तो हो म्हणाला तर काय, नाही म्हणाला तर काय. "नाही म्हणायचा हक्क त्याचा आहे, तो धरून चल." मी म्हणालो, "मग बेचाळीस माणसं?" त्या म्हणाल्या, "म्हणून तर छातीत धडधडतंय!" शारजात इंडस्ट्रियल एरियाच्या गल्ल्यांत आम्ही तासभर हिंडलो. बाई खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून दिसेल त्याला विचारायच्या, "भैया, अबू सामी वेन? किधर है?" गॅरेजवाले हसायचे. चौथ्या वर्कशॉपमध्ये, अॅल्युमिनियमच्या खिडक्यांच्या ढिगामागे, तो सापडला.

लॅबचा कोट बघितला आणि म्हातारा उभा राहिला. चेहरा पांढरा पडला. "मैडम, थोड़ा टाइम दो. मैं ड्रम ले जाएगा. अभी जगह नहीं है."

"आप बैठिए," बाई म्हणाल्या. त्या मात्र उभ्याच राहिल्या. "अबू सामी, आपका एक ड्रम हमने खोल दिया. पूछे बिना. मिल में डाल दिया. माफ़ी माँगने आए हैं."

त्याला काही कळेना. "ड्रम... वहाँ है?"

"दस बंद हैं. एक खुला."

तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी त्याने तोंड झाकलं. मला वाटलं, आता संपलं. मग हातांआडून त्याचा आवाज आला. "हबीबी, मेरा साइट से मार्बल गया, लकड़ी गया, मेरा औज़ार भी गया. कोई बोलने नहीं आया. मैं समझा, नीला भी गया." बाईंनी माझ्या हातातली बाटली त्याच्यासमोर धरली. त्याने झाकण काढलं, बोट बुडवलं, अंगठ्याच्या नखावर ग्लेझ पसरलं आणि दाराच्या उजेडात जाऊन बघितलं.

"पानी ज़्यादा है," तो म्हणाला.

बाई एवढ्या मोठ्याने हसल्या की खिडक्या कापणारी माणसं थांबली. मग त्यांनी त्याला भट्टीबद्दल सांगितलं, बेचाळीस माणसांबद्दल सांगितलं, आणि उरलेल्या दहा ड्रमांसाठी विचारलं. म्हातारा बराच वेळ नखाकडेच बघत होता. त्या दोन-तीन मिनिटांत मी मनातल्या मनात सामान बांधून पुण्याला जाऊन पोचलो होतो.

"दस ले लो," तो म्हणाला. "नया आएगा तो वापस रखना. लेकिन ग्लेज़ मैं बनाएगा. तुम्हारा आदमी पानी बहुत डालता है. और ये खुला वाला, इसका टाइल मेरा. बनाके रखो. मैं आएगा लेने."

पाच दिवसांनी दोन नंबरच्या भट्टीच्या तोंडाशी सगळा कारखाना जमला होता. अबू सामी सगळ्यांत पुढे, शेजारी बाई. रोलरवरून पहिली टाइल बाहेर आली आणि सगळे पुढे सरकले, इतका तो निळा सुंदर होता. मग गुलखानने आरोळी ठोकली आणि एकच गलका झाला. बाई कुरियनसाहेबांचा हात धरून जागच्या जागी उड्या मारत होत्या. भट्टी चालली. मस्कतनंतर आणखी एक ऑर्डर आली, मग आणखी एक. भट्टी बंद झालीच नाही.

पण प्रकरण वर गेलं. मालकांच्या, म्हणजे कामगार ज्यांना अरबाब म्हणत त्यांच्या, ऑफिसातून विचारणा आली. गिऱ्हाइकाचा ड्रम कुणी उघडला, आणि कारखान्याच्या आतली गोष्ट बाहेर जाऊन कुणी सांगितली? लेखी द्या. बाईंनी तीन वाक्यं लिहिली. ड्रम लॅबने उघडला. लॅब माझ्या ताब्यात आहे. ड्रमच्या मालकाला सांगायला मी गेले.

मी कागद वाचला. "मॅडम, माझं नाव?"

"ह्यात खोटं काय आहे?"

"खोटं काही नाही, पण..."

"मग झालं. जा, काम कर."

मी 'पण'च्या पुढे बोलायला हवं होतं. बोललो नाही. दोन आठवड्यांनी यादी लागली आणि त्या महिन्यात कारखान्यातून एकच माणूस कमी झालं. कुरियनसाहेबांनी ते सांगताना टेबलावरून नजर वर केली नाही. तेव्हाही मी बोलू शकलो असतो. व्हिसा रद्द झाल्यावर मिळतात तेवढ्या दिवसांत बाईंनी घर आवरलं. फाटकाशी बेचाळीसच्या बेचाळीस उभे होते, काही रडत होते. बाई मात्र सुटीला निघालेल्या मुलीसारख्या. "सांगलीत आता दिवसभर कोश! इथे नोकरी मध्ये मध्ये यायची!" गाडीत सहा खोकी होती. कन्व्हर्जनच्या लेबलाची उजवी बाजू भरली होती. शब्द मिळाला नव्हता, म्हणून त्यांनी तिथे बारीक अक्षरात सबंध गोष्टच लिहून टाकली होती. त्यात 'एका केमिस्टने' असं होतं.

त्यांची खुर्ची मला मिळाली. मी ती घेतली.

पुढची पाच वर्षं मी त्या खुर्चीत बसलो. पगार वाढला, रेवा मोठी झाली. अबू सामी आपल्या टाइल्स घेऊन गेला, आणि नवा रंग आल्यावर त्याचे दहा ड्रमही. बाईंशी महिन्यातून एकदा फोनवर बोलणं व्हायचं. त्यांच्या उत्साहाला सांगलीचं ऊनसुद्धा कमी करू शकत नव्हतं. ड्रमचा विषय मात्र मी कधी काढला नाही, आणि त्यांनीही नाही.

मग कुरियनसाहेब निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात भाषण करताना त्यांनी तीच गोष्ट सांगितली. हार्ड मॅडमने घाईत एक ड्रम उघडला, पण चूक कबूल करायला स्वतः ड्रमच्या मालकाच्या दारात गेल्या. "ऐसी गलती करनेवाले लोग अब कहाँ मिलते हैं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवायला हात उचलले, आणि ते तसेच राहिले. मी उभा राहिलो.

"सर, ड्रम मैडम ने नहीं खोला. वो तो दुबई में थीं. मैंने खोला था."

साहेब माइक हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. "पाँच साल, केदार?" एवढंच म्हणाले. मी गुलखानकडे पाहिलं. त्याला तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत असून पाच वर्षं तो मला रोज सकाळी सलाम करत होता. आता त्याने मान हलवली, हळूच, आणि नजर माझ्यावरून काढली नाही.

मी पार्किंगमध्ये येऊन सांगलीला फोन लावला. काय घडलं ते एका दमात सांगितलं.

"सगळ्यांसमोर?" बाई ओरडल्या. "किती लोक होते?"

"दीडशे तरी असतील."

"आणि हिंदीत? वा रे पठ्ठ्या! कुरियनचा चेहरा कसा झाला? गुलखान होता? सगळं सांग, नीट सांग, पहिल्यापासून!" मी पहिल्यापासून सांगितलं. त्या मध्ये मध्ये टाळ्या वाजवत होत्या. फोन कुठे ठेवत होत्या कोण जाणे. शेवटी मी म्हणालो, "मॅडम, हे तुम्हाला मी तेव्हाच..."

"मला काय सांगायचंय? मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना सांगितलंस ना?" मग त्यांचा आवाज खाली आला, तसा मी तो फार थोड्या वेळा ऐकला आहे. "मी वाट बघत होते रे. तू सांगशील हे ठाऊक होतं. कधी, ते कळत नव्हतं."

चार महिन्यांनी त्या गेल्या. त्यांच्या मुलाने कॅनडाहून फोन केला, इंग्रजीत. मी आणखी चार महिने गप्प बसलो असतो, तर त्या वाट बघतच गेल्या असत्या.